न दुखणारं दुखणं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं का बोलावं, असा प्रश्न नांदेडला आणि नंतर लातूरलाही विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्य नाही, आणि उपचार कोणता घ्यावा हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं. पण या रोगाबाबत वैद्यकाला जे शोधायचं होतं त्यातलं बरंचसं शोधून झालेलं आहे. कारण माहीत आहे, तो ओळखायची चाचणी आहे, सुरुवातीचा उपचार काही मिनिटांचा आहे. तरीही ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख २७ हजारांवर स्त्रियांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार त्यानं दगावतात. माहीत असूनही घडत नाही, ही अडचण डॉक्टरांची कमी आणि आपल्या सगळ्यांची जास्त. म्हणून हे धाडस.

सुरुवात भाषेपासून करू, कारण आमचा धंदाच तो. मराठीत आजाराला आपण 'दुखणं' म्हणतो. 'आजार' हा फारसीतून आलेला शब्द, त्याचाही मूळ अर्थ यातना. 'रोग' ज्या 'रुज्' धातूपासून येतो त्यात मोडणं आणि पीडा दोन्ही आहेत. म्हणजे आपल्याकडचा कुठलाही शब्द घ्या, वेदना त्यात गृहीत धरलेली आहे. दुखत नाही तर दुखणं कसलं? शेतात निंदायला जाणारी बाई म्हणते, "मला काही होत नाही, मग कशाला तपासायचं?" हे अडाणीपणाचं बोलणं नव्हे. तिच्या भाषेच्या तर्कानुसार ते अगदी बरोबर आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं दुखतच नाही. दुखायला लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्यातून आपल्याकडे आणखी एक क्रियापद आहे, 'अंगावर काढणं'. बायका ते कौतुकानं सांगतात आणि घरचेही कौतुकानं ऐकतात.

आता रोग समजून घेऊ. गर्भाशय म्हणजे बायकांच्या बोलण्यातली 'पिशवी'. त्या पिशवीचं तोंड योनिमार्गात उघडतं, ते गर्भाशयमुख. तिथल्या पेशींना एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग होतो. तो शरीरसंबंधातून होतो, आणि इतका सर्रास होतो की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी होऊन गेलेला असतो. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण हा संशय घराघरात शिरतो आणि मग बाई तपासणीचं नावच काढत नाही. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन सर्वांत घातक. अशा ठाण मांडलेल्या संसर्गातून पेशी हळूहळू बिघडतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीबाधित स्त्रीमध्ये हाच काळ पाच-दहा वर्षांवर येतो. या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

पंधरा वर्षं! इतकी सवड देणारे कर्करोग थोडे. एवढ्या काळात मुलगी पहिलीतून कॉलेजात जाते. तेवढ्या काळात एकदा, जमल्यास दोनदा, त्या ठिकाणी पाहायचं आणि बिघडलेल्या पेशी नष्ट करायच्या, की कर्करोग होतच नाही. नीट लक्षात घ्या, इथे आपण कर्करोग लवकर पकडत नाही, तो व्हायच्या आधीच्या पायरीवर थांबवतो. पेशी गोठवून किंवा तापवून नष्ट करता येतात. तापवण्याचं उपकरण बॅटरीवर चालतं, टोक शंभर अंशांच्या आसपास तापतं, आणि एका वेळी अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम असतं. टाके नाहीत, भरती होणं नाही, बाई चालत घरी जाते. बिघाड मोठा किंवा आत गेलेला असेल तर तेवढा भाग विजेच्या तारेच्या फाशानं काढतात. त्याला मात्र तज्ज्ञ लागतो.

पाहायचं कसं, याचे तीन मार्ग आहेत. जुना मार्ग पॅप चाचणीचा. पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पाश्चात्य देशांत मृत्यू घटले ते याच चाचणीनं. पण तिला तरबेज डोळा, प्रयोगशाळा आणि पुन्हापुन्हा केलेली तपासणी लागते. दुसरा मार्ग व्हीआयए. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच म्हणा, गर्भाशयमुखाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पाहायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. नर्स करू शकते, निकाल तिथल्या तिथे, खर्च नगण्य. तिसरा मार्ग विषाणूच शोधण्याचा, एचपीव्ही चाचणी. निकाल सर्वांत भरवशाचा, पण महाग, आणि नमुना प्रयोगशाळेत जायला हवा.

गरीब मुलखात यातलं काय चालेल? या प्रश्नाचं उत्तर जगाला ज्या ठिकाणांहून मिळालं त्यातलं एक ठिकाण लातूरला अगदी खेटून आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. १९८२ पर्यंत तर लातूर त्याच जिल्ह्याचा भाग होता. आम्ही इतकी वर्षं या भागात शिकवलं, सभासंमेलनं पाहिली, पण या गोष्टीचा उल्लेख जाहीर भाषणात फारसा कधी ऐकला नाही.

तिची सुरुवात बार्शीत होते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण व्यापाराचा आणि दवाखान्याचा गाव म्हणून अर्ध्या उस्मानाबादचा. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात नोंदणी सोपी असते, रुग्णालयांतून आकडे गोळा होतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयात येतच नाही, मग नोंदवायचं कुणाला? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, बैठका घ्यायचे, लक्षणं सांगायचे, विचारपूस करायचे आणि संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणायचे. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षांतच आकड्यांत एक बदल दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या मानानं लवकरच्या टप्प्यात येऊ लागले होते. अजून चाचणी नव्हती, औषध नवं नव्हतं. माणसं गावात जाऊन बोलत होती, इतकंच. १९९५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत शिकवणारा भाग वाटतो.

या विश्वासाच्या पायावर पुढचा मोठा अभ्यास उभा राहिला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, फ्रान्समधल्या लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि बार्शीचं रुग्णालय अशा तिघांनी मिळून २००० सालाच्या आसपास उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया. चिठ्ठ्या टाकल्यासारखी या समूहांची चार गटांत वाटणी झाली, प्रत्येकात तेरा. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए. या तीन गटांत एकेकदाच तपासणी. चौथ्या गटाला तपासणी नाही. नेहमीची जी काही आरोग्यसेवा होती ती, आणि माहिती. बोलावलेल्यांपैकी शंभरातल्या पाऊणशेहून अधिक बायका तपासणीला आल्या. आमच्या बायका येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निकाल आला आणि एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला गेला. एचपीव्ही गटात ३४ हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या, त्यांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात साडेएकतीस हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या, त्यांत ६४. म्हणजे दहा हजारांमागे एकीकडे दहा आणि दुसरीकडे वीस. पुढच्या टप्प्यातले कर्करोग एचपीव्ही गटात ३९, तपासणी नसलेल्या गटात ८२. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए या दोन गटांत मात्र असा लक्षणीय फरक दिसला नाही. आणखी एक आकडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ज्यांची चाचणी निर्दोष आली होती अशा एक लाख स्त्रियांकडे वर्षभर पाहिलं, तर पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण १५.५, व्हीआयएमध्ये १६, आणि एचपीव्हीमध्ये ३.७ होतं. एचपीव्ही चाचणी "काही नाही" म्हणते तेव्हा त्या शब्दावर पुष्कळ वर्षं विसंबता येतं. जिथे बाई दवाखान्यात पुन्हा कधी येईल याचा नेम नाही, तिथे निर्दोष निकालाचा भरवसा हीच खरी कमाई.

याचा अर्थ व्हीआयए कुचकामी, असा नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यातल्या अभ्यासात व्हीआयएनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या तेव्हा ३१ टक्क्यांनी. व्हीआयए हे डोळ्याचं काम आहे. पाहणारी किती सरावलेली आहे, फेऱ्या किती होतात, संशय आल्यास त्याच बैठकीत उपचार होतो का, यावर सगळं ठरतं. पाळी गेल्यानंतर तर पाहायचा भागच आत सरकतो, तिथे पांढरा डाग शोधणार कुठे? फेऱ्या होत असतील, माणसं टिकून असतील, तर डोळा पुरतो. एकदाच गाठ पडणार असेल तर विषाणू शोधणारी चाचणी हवी. उस्मानाबादच्या आकड्यांवरून आम्ही काढतो तो निष्कर्ष इतकाच.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरं तर हा विषय घेतला तिच्याकडे येऊ. चौथा गट. साडेएकतीस हजार स्त्रियांची तपासणी केली नाही, आणि त्यांतल्या ६४ गेल्या. हे योग्य होतं का?

एरिक सूबा या अमेरिकी डॉक्टरांनी भारतातल्या अशा तिन्ही अभ्यासांवर हा आक्षेप जोरानं घेतला, आणि आपल्याकडच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही त्यावर चर्चा झाली. आक्षेप असा की, तपासणीनं प्राण वाचतात हे पाश्चात्य देशांत कित्येक दशकांपूर्वी सिद्ध झालेलं असताना एका गटाला तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणं हा अन्याय आहे. संशोधकांच्या बाजूचं उत्तर असं की, जिल्ह्यात तपासणी नव्हतीच, म्हणजे कुणाकडून काही काढून घेतलं नाही. आणि श्रीमंत देशांत चाललेली गोष्ट इथे चालेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी निकालानं दाखवलंच की पॅपची एक फेरी इथे पुरली नाही.

आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. उत्तरादाखल निकालाकडे बोट दाखवणं तर्काला धरून नाही, असं आमचं मत आहे. कृतीचा न्याय करताना करणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होतं हे पाहायचं. नंतर काय निघालं ते नाही. त्या वेळी खरोखरच ठाऊक नव्हतं, हा युक्तिवाद आम्हाला पटतो. पण "जिल्ह्यात तपासणी नव्हतीच" हा भाग पटत नाही. नसणं हे काही दुष्काळासारखं आकाशातून पडलेलं नव्हतं. सेवा नाही म्हणून संशोधनात ती देण्याचं बंधन नाही, हे एकदा मान्य केलं, की जगभरचे अभ्यासक सर्वांत वंचित गाव शोधत येतील, कारण तिथलं बंधन सर्वांत हलकं.

न्यूझीलंडमधलं उदाहरण यापेक्षा कितीतरी काळं आहे, ते इथे सांगायला हवं. ऑकलंडच्या एका मोठ्या स्त्री-रुग्णालयात १९६० च्या दशकात हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांना वाटायचं की पेशींचा बिघाड कर्करोगात जात नाही. म्हणून काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता फक्त पाहत राहिले. त्या स्त्रियांना आपण प्रयोगात आहोत हेच ठाऊक नव्हतं. प्रकरण उघड झालं, १९८८ मध्ये न्यायमूर्ती कार्टराइट यांचा चौकशी अहवाल आला. पुढे २००८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा गंभीर बिघाडावर नीट उपचार न झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाल्याचं दिसलं. आज जगातल्या पुस्तकांत हा आकडा असतो. तो असा आलेला आहे.

उस्मानाबाद म्हणजे ऑकलंड नव्हे. इथे ज्यांच्यात बिघाड सापडला त्यांना उपचार मिळाले, रोग लपवला नाही, अभ्यास उघडपणे झाला. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्ञान बायकांच्या शरीरातून आलं आणि त्याची किंमत काहींनी मोजली. मग त्या ज्ञानावर पहिला हक्क कुणाचा? आमच्या मते चौथ्या गटाचा प्रश्न २००९ मध्ये संपत नाही, तो तिथे सुरू होतो. अभ्यासाचं समर्थन "यातून अशा स्त्रियांचं भलं होईल" या एका वाक्यावर उभं होतं. ते वाक्य पुढे खरं करून दाखवलं तर समर्थन टिकतं, नाही तर ते उधारीचं राहतं.

आणि झालं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली: वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी, एचआयव्हीबाधितांना पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी. या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायका आहेत. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितलेली आहे. तीही होते किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारलं, गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. ज्या जिल्ह्यात पाऊणशेहून अधिक आल्या होत्या, त्या देशाचा हा आकडा.

पैसा नाही, असं उत्तर मिळतं. काही अंशी खरं आहे. पण गोव्यातल्या कंपनीनं बनवलेली ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगासाठी खेड्यापाड्यांतल्या सरकारी दवाखान्यांत पोचलेली आहेत, कोरोनाच्या काळात ती आपण पाहिली. बॅटरीवर चालतात, आणि त्याच यंत्रावर एचपीव्हीची चिपही चालते. शिवाय या चाचणीचा नमुना बाई स्वतः, आडोशाला जाऊन, मऊ ब्रशनं घेऊ शकते. टेबलावर झोपायचं, परक्यासमोर लुगडं सोडायचं, हा जो अडसर आहे तोच निघून जातो. ज्यांनी खेड्यात शिबिर घेतलंय त्यांना विचारा, रांगेतून बायका परत जातात त्या चाचणीच्या भीतीनं कमी आणि पडदा नीट नाही म्हणून जास्त.

तपासणीपेक्षा मोठी गळती मात्र पुढे आहे. विषाणू सापडला तर बाईला पुन्हा बोलवावं लागतं. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी शंभरात दहा जणींची दोषी आली होती. या दहांपैकी बहुतेकींना काही झालेलं नसतं. पण त्यांची पुढची तपासणी झालीच पाहिजे. दुसरी खेप म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, सासूला द्यायचं कारण. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट: कोयता. दिवाळीच्या सुमारास बीडकडची, आणि कंधार-मुखेडच्या बाजूचीही कुटुंबं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. डिसेंबरात तपासणी मोहीम काढली तर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतात. कागदावर मोहीम झाली, उद्दिष्ट गाठलं. ज्या बाईला पुढच्या तपासणीसाठी बोलवायचं ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर असते.

या बायकांचा विषय निघाला की दुसरी, उलट्या टोकाची गोष्ट सांगावीच लागते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत मजुरी बुडते, फडावर पाण्याची सोय नाही, ही कारणं होतीच. पण अनेकींनी सांगितलं की पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून गेलो, तर "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असं सांगितलं गेलं. तेव्हा पाहा, एकाच शब्दाच्या भीतीनं एक बाई तपासणीपासून लांब पळते आणि दुसरी तपासणी न होताच ऑपरेशनच्या टेबलावर जाते. दोघींनाही मिळालं नाही ते पाच मिनिटांचं तपासणं. तिशीत पिशवी काढली की पाळी जाते, बीजकोशही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढताना तिचं तोंड ठेवलं असेल तर कर्करोगाचा धोकाही राहतोच. आणि आत खरोखर कर्करोग असेल, तर तपासल्यावाचून केलेलं साधं ऑपरेशन पुढच्या उपचाराची घडी बिघडवतं. कॅन्सरच्या नावाखाली पिशवी काढायला सांगितली तर एकच विचारायचं: "तपासणीचा कागद कुठे आहे?"

लशीबद्दल थोडक्यात. मुलींना संसर्गापूर्वी, नऊ ते चौदा वयात, एचपीव्हीची लस दिली तर हा रोग मुळातच टळतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक आता आहे. एकच मात्रा पुरते, हे जगाला कळण्यातही भारताचा, त्यातही बार्शीचा वाटा आहे. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या वादामुळे सरकारनं लशीचे अभ्यास थांबवले. परिणामी बार्शीसह नऊ ठिकाणच्या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि एका मात्रेचं संरक्षणही वर्षानुवर्षं टिकतं असं दिसलं. पण लस म्हणजे आजच्या चाळिशीतल्या आईचं उत्तर नव्हे. तिला तपासणीच हवी. लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच.

लातूरला व्याख्यानानंतर प्रश्न आले, त्यांतले तीन इथे घेतो.

एका ताईंनी विचारलं, लक्षणं कोणती? संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं. यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. तपासणी लक्षणं नसणाऱ्या बाईसाठी असते, हा फरक आशाताईंनाही पुन्हापुन्हा सांगावा लागतो.

एका गृहस्थांचा प्रश्न होता, चाचणीत विषाणू निघाला तर नवऱ्याला काय सांगायचं? हेच सांगायचं की हा विषाणू कधी आला ते कुणालाच कळत नाही, तो लग्नाच्या पहिल्या वर्षातलाही असू शकतो, आणि ती कर्करोगाची बातमी नव्हे. आम्ही त्यांना असंही म्हटलं, की बायकोला एकटीला पाठवण्यापेक्षा दुसऱ्या खेपेला तुम्हीच सोबत जा.

तिसरा प्रश्न एका सरपंचबाईंचा. गावात शिबिर घ्यायचंय, काय बघावं? चाचणी कोणती ते विचारा, पण आधी हे विचारा की दोषी निघणाऱ्यांचा उपचार कुठे, कोण करणार आणि त्यांना तिथवर नेणार कोण. याचं उत्तर नसेल तर शिबिराची घाई करू नका. खोलीला दार आणि आतून कडी हवी. तपासणारी स्त्री हवी. शिबिर दसऱ्याच्या आत घ्या, माणसं फडावर जायच्या आधी. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर शिबिराची तारीख लिहाल, तेव्हा तिच्याखाली दुसऱ्या खेपेच्या गाडीची तारीखही लिहा.